आज ताजं काय?

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, की ज्याला समुद्र दिसला की अधिकार चढतो. एरवी तो चारचौघांसारखाच असतो. सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेत बसतो, भाजी आणायला गेला तर घरून लिहून दिलेल्या चिठ्ठीबाहेर कोथिंबिरीची एक जुडीसुद्धा आणत नाही. पण गाडी फोंडा घाट उतरली, खिडकीतून दमट वारा आला आणि नारळाची झाडं दिसायला लागली, की त्याचा आवाज बदलतो. "आता सगळं माझ्यावर सोडा," असं तो म्हणतो. कुणी काही धरून ठेवलेलं नसतं, तरी सगळे सोडतात.

कुणाकडे तो मामा असतो, कुणाकडे थोरले काका, कुणाकडे नुसतेच नाना. आमच्याकडे ते भाऊजी आहेत, म्हणजे ताईचे यजमान. त्यामुळे आमची पंचाईत दुप्पट. मामाला एखाद्या वेळी गप्प करता येतं, जावयाला कसं करणार? लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी भाऊजी आताच मांडवातून उठून आलेत अशा अदबीने आमची आई त्यांच्याशी बोलते. "त्यांना विचारा, ते म्हणतील तसं," हे तिचं प्रत्येक सहलीचं धोरण.

भाऊजींचं मूळ गाव सासवडच्या बाजूला. त्यांच्या घराण्यात कुणी होडीत पाय ठेवल्याची नोंद नाही. अंजीर आणि सीताफळ या दोन विषयांवर ते खरोखर अधिकाराने बोलू शकतील, पण त्यावर ते कधीच बोलत नाहीत. बोलतात ते माशांवर. भरती-ओहोटीवर बोलतात, खाऱ्या वाऱ्यावर बोलतात आणि मालवणातल्या आपल्या ओळखींवर तर फारच बोलतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कोणत्या दिवशी, हे पंचांगात सापडत नाही. देवीचा कौल घेऊन मग तारीख जाहीर होते. भाऊजींना ती गणपतीतच माहीत असते.

एकदा त्यांनी आम्हाला मालवणला जुलैत नेलं होतं. खोल्या अर्ध्या भावात मिळत होत्या आणि "गर्दी नसते, खरं कोकण बघायला मिळतं," असा त्यांचा युक्तिवाद होता. गर्दी नव्हती हे खरं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ, आणि दर्याही असा खवळलेला, की जायला सांगितलं तरी शहाणा माणूस जायचा नाही. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही वर ओढून ठेवलेल्या. आम्ही धक्क्यावर छत्र्या धरून सिंधुदुर्ग लांबून पाहिला आणि एका खानावळीत शिरलो. भाऊजींनी ओल्या रुमालाने चष्मा पुसत आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "आज ताजं काय?"

गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने एकदा बाहेर बघितलं, एकदा भाऊजींकडे बघितलं. "ताजो म्हणशात तर पाऊस आसा," तो म्हणाला.

तेव्हापासून आम्ही डिसेंबरात जातो.

डिसेंबरात भाऊजींना वाव भरपूर. सुरुवात किल्ल्यापासून होते. होडी धक्का सोडते न सोडते तोच गाइड सांगायला लागतो, की २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. तो ‘पायाच्या दगडांत’ एवढं म्हणतो तोच भाऊजी "शिसं!" असं ओरडतात. तो ‘चारही बाजूंनी खारं पाणी असूनही’ म्हणायच्या आत भाऊजी "दूधबाव, दहीबाव, साखरबाव!" अशा तिन्ही गोड्या विहिरी मोजून मोकळे. गाइड बिचारा मग फक्त क्रियापदं पुरवतो. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा वळवून घेतलाय, की समुद्रावरून येणाऱ्याला नुसता तट दिसतो. दरवाजा कुठे आहे ते जवळ जाईपर्यंत कळत नाही. "कुठून आत जायचं ते शत्रूला कळायचंच नाही," असं सांगत भाऊजी पुढे होतात आणि तटाच्या कडेने भलतीकडेच चालायला लागतात. त्यांना हाका मारून परत आणावं लागतं. महाराजांच्या स्थापत्याला याहून मोठी पावती कुठली?

संध्याकाळी धक्क्यावर लिलाव. होड्या लागल्या, टोपल्या उतरल्या की बोली सुरू होते आणि बघता बघता माल हलतो. घेणाऱ्यांत बायकाच फार, आणि त्यांच्या हिशेबाच्या वेगापुढे कॅल्क्युलेटरने मान खाली घालावी. भाऊजी हात मागे बांधून या गर्दीतून फिरतात, मध्येच वाकून एखादी सुरमई बोटाने दाबतात आणि आम्हाला धडा देतात. डोळा फुगीर आणि चकचकीत पाहिजे, कल्ले लालभडक पाहिजेत, दाबलं की मांस लगेच वर आलं पाहिजे. यातलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. अडचण एवढीच, की तो मासा दुसऱ्या कुणाच्या तरी टोपलीतला असतो. एका खेपेला टोपलीच्या मालकिणीने तीन वेळा सोसलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "भाऊ, दाबतास कित्याक? आंबो आसा काय तो?" भाऊजींनी हात मागे घेतला आणि आम्हाला म्हणाले, "बघा, इथली माणसं किती मोकळी बोलतात!"

पण या सगळ्या तालमी. खरा प्रयोग रात्रीच्या जेवणाचा.

जेवायचं कुठे, याबद्दल भाऊजींचा नियम पक्का. पर्यटकांच्या हॉटेलात पाऊल टाकायचं नाही. जिथे गावातले लोक जेवतात तिथेच जायचं. ऐकायला हे फार छान वाटतं. मात्र मालवणातला माणूस रात्री साडेआठला आपल्या घरी, आपल्या पाटावर बसून, घरच्यांच्या हातचं जेवत असतो. तो कशाला उठून खानावळीत जाईल आणि बांगड्याचे पैसे देईल? या क्षुल्लक मुद्द्याकडे दुर्लक्ष करून भाऊजी आम्हाला बाजारपेठेतून, मग एका बोळातून, मग कुणाच्या तरी तुळशीवृंदावनाला वळसा घालून त्या ‘कुणालाच माहीत नसलेल्या’ खानावळीपाशी आणतात. बाहेर एमएच १२ च्या सात गाड्या, एमएच १४ च्या चार, कोल्हापूरच्या एमएच ०९ ची एक मिनीबस, आणि पायरीवर नंबर लागायची वाट बघत बसलेली तीन कुटुंबं. प्रत्येक कुटुंबाचा एक भाऊजी दारापाशी उभा राहून आत डोकावत असतो. हे भाऊजी एकमेकांकडे बघत नाहीत.

मालक दारातच भेटतात. आमच्या भाऊजींना बघताच हात पुढे करतात, "या, या! किती दिवसांनी!" भाऊजी अशा वेळी आमच्याकडे जी नजर टाकतात, तिच्यासाठीच ते एवढं डिझेल जाळून आलेले असतात. आई पदर सावरून ताईला म्हणते, "बघ, किती मान आहे त्यांना." आम्ही आत जाऊन बसतो. तेवढ्यात मागून कोल्हापूरची मंडळी शिरते. त्यातला एक जण दारातच बायकोला सांगत असतो, की आपण मालवणला पहिल्यांदाच येतोय. मालक हात पुढे करतात, "या, या! किती दिवसांनी!"

आम्ही सगळे पाण्याच्या ग्लासात बघतो. "धंदा आहे," भाऊजी हळूच म्हणतात, "सगळ्यांशी बोलावं लागतं त्यांना."

टेबलं जोडली जातात. कुणी कुठे बसायचं ते ठरतं, मग मुलं ते बदलतात, मग पुन्हा ठरतं. मेनूकार्डं येतात आणि भाऊजी ती सगळी गोळा करून पालथी घालतात. मेनूकार्ड वाचणं हे त्यांच्या मते परक्या माणसाचं लक्षण. मग ते खुर्चीत मागे रेलतात, एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकतात आणि विचारतात, "हं, आज ताजं काय?"

या प्रश्नाला ‘ताजं काही नाही, सगळं परवाचं आहे’ असं उत्तर आजवर कुठल्याही हॉटेलात कुणाला मिळालेलं नाही. तरीही तो प्रश्न विचारायचा असतो. देवळात घंटा कशाला वाजवतात, देवाला माहीत नसतं का?

ऑर्डर घ्यायला आलेला मुलगा विशीतला, मालकांचाच धाकटा. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आणि त्यातले मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली घाटावरच्या माणसाच्या कानावर घातली, हे त्यांचे उपकारच. पण त्या नाटकातून भाऊजींनी जेमतेम सहा शब्द उचलले आणि बाकीच्या भाषेवर स्वतःची एक युक्ती काढली: दिसेल त्या शब्दाला ओ लावायचा.

"काय रे, बरो मां? बांगडो कसो? आणि आधी पाणो आण."

"पाणी आलंच, सर," मुलगा म्हणाला. "बांगडा उत्तम आहे. सुरमई, पापलेट आणि मोरीही आहे. तिसऱ्या संपल्या. बोंबील हवेत का?"

"पापलेटो मोठो आसो?"

"मध्यम आहेत, सर."

हा संवाद असाच बराच वेळ चालला. सासवडचा माणूस मालवणीत आणि मालवणचा माणूस सदाशिव पेठेत. शेवटी ताईने विचारलं, तेव्हा कळलं की तो कोथरूडला राहून इंजिनिअरिंग करतो आणि सुट्टीला घरी आलाय. ऑर्डर संपल्यावर तो आतल्या दाराशी गेला आणि त्याने स्वयंपाकघरात हाक मारली, "आये, बारा नंबराक सुरमई आणि तिखला! पुण्याची माणसा आसत, तिखट कमी घाल!" तेवढं मालवणी आम्हा सगळ्यांना समजलं. भाऊजींना फक्त समजलं नाही.

पण ऑर्डर एवढ्या सहजी संपत नाही. त्याआधी तपासणी असते. "सुरमई दाखव," भाऊजी म्हणाले. मुलाने स्टीलच्या ताटात मसाला लावलेल्या तुकड्या आणल्या, लालबुंद, कडेने आगळाचा ओलसर रंग उतरलेल्या. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"कल्ले बघू."

"सर, कल्ले डोक्याला असतात. ही तुकडी आहे."

"मग डोकं कुठाय?"

"डोकं कालवणात गेलं, सर."

भाऊजींनी क्षणभर विचार केला. मग तर्जनीने एक तुकडी दाबली, बोटाला मसाला लागला, तो त्यांनी पेपर नॅपकिनला पुसला आणि निकाल दिला, "ठीक आहे. चालेल." पलीकडच्या टेबलावरचे कोल्हापूरचे भाऊजी हे सगळं बारकाईने बघत होते. त्यांनीही ताट मागवलं. तीच तुकडी पुन्हा एकदा दाबली गेली.

आता मुख्य अडचण उभी राहिली. सहलीची तारीख भाऊजींनी मुलांच्या सुट्ट्या, खोल्यांचे भाव आणि भरतीच्या वेळा बघून काढली होती. कॅलेंडर बघायचं राहिलं. तो गुरुवार होता आणि मार्गशीर्षातला होता. आईचा उपास सुटलेला, पण मासे नाहीत, ताईचं तेच, माझ्या बायकोचंही तेच. म्हणजे पाव टेबल बाद. ताईला हे पुण्यातच माहीत होतं. "मग बोलली का नाहीस?" भाऊजींनी विचारलं. "माझ्यावर सोडा म्हणालात ना," ताई म्हणाली आणि पालथं मेनूकार्ड उलटं करून वाचायला लागली.

"शाकाहारींना पनीर सांगून टाक," भाऊजी घाईघाईने म्हणाले. समुद्राकाठी शाकाहारी माणसाबद्दल त्यांना वाटतं ते इतकंच. मुलगा आत गेला आणि त्याची आईच बाहेर आली. पदराला हात पुसत तिने आमच्या आईला विचारलं, की काळ्या वाटाण्यांचं सांबार घरच्यासाठी केलंय, ते वाढू का? मेनूकार्डावर ते नव्हतंच. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं दाट वाटण, त्यात शिजून मऊ झालेले पण आकार न सोडलेले काळे वाटाणे, आणि सोबत तांदूळ-उडदाच्या पिठाचे टम्म फुगलेले वडे, ज्यांत मेथी आणि धण्याचा वास नुसता वड्याला भोक पाडलं तरी नाकात शिरतो. आईने एक घास खाल्ला आणि ती चक्क जावयाला विसरून जेवायला लागली. थोड्या वेळाने मासे खाणाऱ्यांचे हातही त्या वाटीकडे वळू लागले. वाटी दोनदा भरून आली. त्या रात्रीचा सगळ्यांत चविष्ट पदार्थ तो होता, आणि त्या टेबलावर तेवढाच एक असा, की जो भाऊजींनी मागवलेला नव्हता. "मी मुद्दाम त्यांच्यावर सोडलं होतं," ते म्हणाले.

मुलांची आघाडी निराळी. त्यांना मंचूरियन पाहिजे होतं. "समुद्राकाठी येऊन मंचूरियन?" भाऊजींचा आवाज इतका चढला, की मिनीबसवाल्यांची मुलंही दचकली, त्यांनी तेच मागवलं होतं. मग बांगड्याचं तिखलं आलं. भाऊजींनी मुलांच्या पानात स्वतः वाढलं आणि बजावलं, "मालवणात पानात काही टाकायचं नसतं." आता तिखल्यात तिरफळं असतात. बांगड्याच्या उग्र वासाला तोड म्हणून ती ठेचून घालतात. त्यांचा स्वाद रश्शात उतरतो, ती स्वतः खायची नसतात. आमच्या धाकट्याने आज्ञाधारकपणे एक तिरफळ कराकरा चावलं. थोडा वेळ तो गप्प होता. मग डोळे मोठे करून म्हणाला, "बाबा, माझी जीभ कुठे गेली?"

"ही ताज्या माशाची खूण," भाऊजी म्हणाले.

या सगळ्या धांदलीत भाऊजी स्वतः काय खातात, ते कुणी बघत नाही. मी मुद्दाम बघितलं. बारा जणांचं टेबल मागवून, बांगडा याला, मोरी त्याला, बोंबील पलीकडे अशी वाटणी करून झाल्यावर त्यांच्या पानात सुरमईची एकच तुकडी होती, मधली, जाड, मधोमध एक मणका आणि बाकी सगळा मऊ गर. बांगड्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. काट्याला भितात. लग्नानंतर पहिल्या वर्षी घशात एक अडकला होता, हे ताईने मला फार पूर्वी सांगितलंय आणि कुणाला न सांगण्याची शपथही घातली आहे. म्हणजे या माणसाला मासे आवडतात असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्यांना मासे मागवायला आवडतात. पुण्यात त्यांना कोण विचारतं? ऑफिसात वरचे साहेब ठरवतात, घरी ताई ठरवते, सोसायटीत चेअरमन ठरवतात. पुण्यातल्या हॉटेलात ते मेनूकार्ड उजवीकडच्या आकड्यांवरून वाचायला सुरुवात करतात आणि शेवटी "तुमचं होऊ द्या, मला काहीही चालेल," म्हणतात. मालवणात मात्र वर्षातून एक रात्र बारा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली असतात. या सौद्यात एक तुकडी सुरमई त्यांना पुरते.

भात आला तेव्हा भाऊजींना सोलकढी आठवली. मुलगा खजील झाला. "संपली, सर. नारळाचं दूध रोज काढतो तेवढंच असतं, नऊनंतर उरत नाही." कोल्हापूरच्या टेबलावर सहा ग्लास गुलाबी सोलकढी डुलत होती. त्यांच्याकडच्या एका काकूंनी बसल्या बसल्या, कुणालाही न विचारता, आधी ती सांगून ठेवली होती.

बिल आलं. इथे लोक भाऊजींच्या नावाने काहीतरी वाईट अपेक्षा ठेवतील, म्हणून स्पष्ट सांगतो. बिल त्यांनी दिलं. नेटवर्क नसल्याचं सांगितलं नाही, स्वच्छतागृहात गेले नाहीत, खिसे चाचपले नाहीत. सगळं बिल दिलं, वर मुलाच्या हातात वेगळे पैसे ठेवले आणि मालकांना म्हणाले, "येतो पुढच्या वर्षी." रात्री खोलीवर पोचल्यावर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिशेब आला. दरडोई, लहान मुलं अर्धी धरून, वरची बक्षिशी सारखी वाटून, आणि शेवटी ‘पनीर रद्द केल्याने बचत’ अशी एक ओळ.

गेल्या वर्षी भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांच्याशिवाय गेलो. त्याच खानावळीत बसलो. मेनूकार्डं हातोहात फिरली. मी म्हटलं, तुम्ही सांगा. बायको म्हणाली, मला काहीही चालेल. आई म्हणाली, मुलांना विचारा. मुलं म्हणाली, मंचूरियन. शेजारच्या टेबलावर दोन पंगती उठल्या तरी आमचं ठरेना. शेवटी त्या मुलालाच दया आली. त्याने आपल्या मनानेच थाळ्या सांगितल्या आणि पाणी ठेवताना विचारलं, "ते कल्लेवाले सर नाही आले या वेळी?"

मी तिथूनच भाऊजींना फोन लावला आणि सांगितलं, की मालवणात तुमची खरंच चौकशी झाली. ‘कल्लेवाले’ तेवढं गाळलं. "मग!" ते पलीकडून म्हणाले. "मी काय सांगत होतो? ओळख आहे आपली. आणि हो, आज ताजं काय आहे म्हणाले?"

तुमच्याही घरात असे कुणी भाऊजी असतील, तर त्यांना खुशाल ऑर्डर देऊ द्या, मध्ये बोलू नका. मेनूकार्डं पालथी पडली तरी हरकत नाही. फक्त सोलकढी तेवढी बसल्या बसल्या स्वतः सांगून ठेवा.